नववीच्या वर्गातला कागदी फुगा: जड उडाला, हलका का उडाला नाही?

वर्गाबाहेर (रविवार, सकाळी १०.२०)

नमस्कार. मी गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कुलात नववी-दहावीला विज्ञान शिकवते. गेल्या आठवड्यात आर्किमिडीजचे तत्त्व (द्रवात किंवा वायूत बुडालेल्या वस्तूला तिने बाजूला सारलेल्या द्रवाच्या किंवा वायूच्या वजनाएवढा वरचा जोर मिळतो) शिकवून झाल्यावर मी नववीच्या मुलांना पतंगाच्या कागदाचे गरम हवेचे फुगे करायला लावले. त्यातून जे निघाले ते येथे सविस्तर मांडते, कारण त्यात मला स्वतःला काही गोष्टी नव्याने कळल्या आणि एक-दोन अजून नीट कळलेल्या नाहीत.

हे तत्त्व आपण नेहमी पाण्यावर शिकवतो. ताणकाट्याला दगड टांगायचा, तो पाण्यात बुडवायचा आणि काटा कितीने मागे आला ते बघायचे. मुले हे चटकन पकडतात आणि उदाहरणेही सोडवतात. पण आपण स्वतः या घटकेला हवेच्या तळाशी बुडून बसलेलो आहोत आणि ती हवाही आपल्याला थोडीशी उचलते आहे, हे त्यांच्या मनात उतरत नाही. म्हणून फुगा.

वर्गाचे सहा गट केले. संत्र्याच्या फाकांसारख्या आठ फाका कापून त्या मैद्याच्या खळीने जोडायच्या, खाली तोंड मोकळे ठेवायचे आणि त्याला कागदाच्याच पट्टीचे कडे लावायचे, एवढेच सांगितले. आकार ज्याचा त्याने ठरवायचा होता. पाच गटांनी कागद वाचवण्यासाठी ६० सेंटिमीटर व्यासाचे फुगे केले. सहाव्या गटात एक मुलगा असा आहे की त्याच्या घरी दर दिवाळीला स्पर्धेसाठी आकाशकंदील होतो, त्यामुळे लहान वस्तू करण्यात त्याला गोडी नव्हती. त्याने सगळी मापे सरळ दुप्पट केली आणि १२० सेंटिमीटर व्यासाचा फुगा केला. फाका चिकटवताना तो ब्रश घेईना. तर्जनी खळीत बुडवून कागदाच्या काठावरून एका दमात ओढत न्यायची, की रेघ पातळ येते आणि कागद सुरकुतत नाही, हे त्याने इतरांना करून दाखवले. ते कौशल्य त्याला शाळेने शिकवलेले नाही.

हवा तापवण्यासाठी एका रंगाऱ्याकडून जुना रंग सोलवण्याची हॉट एअर गन आणली होती. सकाळी ११ वाजता आम्ही व्हरांड्यात उभे राहिलो. लहान फुगे टम्म फुगले, हातात थरथरले आणि सोडल्यावर खाली बसले. 'टीचर, फुगो वयर वचना!' (फुगा वर जात नाही!) हे मी त्या तासिकेत पाच वेळा ऐकले. कोणी खळीला दोष दिला, कोणी शिवणीतल्या भोकांना, कोणी गनला. मोठा फुगा मात्र दोऱ्यासकट व्हरांड्याच्या छतापर्यंत गेला. पुढे वाऱ्याच्या झुळुकीने तो आडवा झाला, त्याच्या तोंडातून गरम हवा निघून गेली आणि तो खाली आला.

मग प्रयोगशाळेतल्या तराजूवर सगळे फुगे तोलले. लहान फुग्यांचे वजन २७ ग्रॅमच्या आसपास भरले आणि मोठ्याचे ११८ ग्रॅम. वर्ग गप्प झाला, कारण जड तो उडाला होता आणि हलके ते बसले होते.

येथे मी त्यांना एक सोपे सूत्र दिले. समुद्रसपाटीच्या दाबाला कोरड्या हवेची घनता काढायची असेल तर ३५३ ला केल्व्हिनमधल्या (म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून येणाऱ्या) तापमानाने भागावे. उत्तर घनमीटरला किलोग्रॅममध्ये येते. बाहेर ३१ अंश सेल्सिअस होते, म्हणजे ३०४ केल्व्हिन, म्हणून घनता १.१६१. आत सरासरी ८० अंश धरले तर ३५३ केल्व्हिन आणि घनता बरोबर १. म्हणजे आठवडाभर राबून केलेला दर घनमीटर फुगा फार तर १६१ ग्रॅम उचलणार. लहान फुग्याचे आकारमान ०.११ घनमीटर, म्हणून त्याला १८ ग्रॅम उचलता येतात आणि त्याचे स्वतःचेच वजन २७ ग्रॅम आहे. मोठ्याचे आकारमान ०.९ घनमीटर, म्हणून त्याची ताकद १४५ ग्रॅम आणि वजन ११८. व्यास दुप्पट केला की कागद चौपट लागतो, पण पोटातली जागा आठपट होते. एका मुलीने उलट गणित मांडून दाखवले की लहान फुगा उडवायचाच असेल तर आतली हवा सरासरी ११० अंशांच्या पुढे न्यावी लागेल. हे तिला मी सांगितले नव्हते.

आता माझे प्रश्न. आतले तापमान मी ८० धरले ते अंदाजाने. ते मोजायचे कसे? वाऱ्याचे काय करायचे? आणि मुलांना फुगा दोऱ्याशिवाय, खाली पेटती वात लावून मोकळा सोडायचा आहे. माझे मन त्याला तयार होत नाही. पण नुसते 'नाही' म्हणण्यापेक्षा मला कारणे हवी आहेत.

सुरंगी (रविवार, सकाळी ११.४५)

ताई, उपक्रम फार आवडला. मी प्राथमिकला शिकवते. आम्ही मुलांना 'गरम हवा हलकी असते म्हणून वर जाते' एवढेच सांगतो. ते पुरेसे नाही का? नववीलाही प्रश्नपत्रिकेत यापेक्षा अधिक विचारत नसावेत. एवढा खटाटोप करायला तासिका किती लागल्या, हेही कृपया सांगावे.

वर्गाबाहेर (रविवार, दुपारी १२.३०)

विज्ञानाच्या तीन आणि गणिताची एक. गोलाचे घनफळ नववीच्या गणितात आहेच, त्यामुळे गणिताच्या सरांनी आनंदाने तासिका दिली. 'पुरेसे का नाही' याचे उत्तर कोणीतरी माझ्यापेक्षा नीट देईल असे वाटते.

गणिती_आजोबा (रविवार, दुपारी ३.०५)

सुरंगीताई, तुमचे वाक्य चुकीचे नाही, पण ते अर्धवट सोडलेले आहे. हलकी म्हणजे कोणापेक्षा? बंद बाटलीतली हवा तापवा. तिचे वजन तसूभरही कमी होत नाही. फुग्याचे तोंड उघडे आहे, म्हणून हवा तापताना पसरते आणि जादा झालेली हवा तोंडातून बाहेर जाते. धागाकर्तीच्या आकड्यांवरून बघा: एक घनमीटर जागेत आधी ११६१ ग्रॅम हवा होती, तापल्यावर १००० ग्रॅम उरली. १६१ ग्रॅम हवा खालून निघून गेली आणि तेवढ्याच वजनाचा जोर फुग्याला मिळाला. मुलांना 'फुग्यात काय भरले' असे विचारण्याऐवजी 'फुग्यातून काय गेले' असे विचारून बघावे.

आता हा जोर नेमका लागतो कोठे? तोंडापाशी आतला आणि बाहेरचा दाब सारखाच असतो, कारण तेथे दोन्ही हवा एकमेकींना भिडलेल्या असतात. तेथून वर जाताना दोन्ही बाजूंचा दाब कमी होत जातो. पण बाहेरची हवा दाट असल्यामुळे बाहेरचा दाब अधिक वेगाने घटतो. १२० सेंटिमीटर वर, म्हणजे फुग्याच्या डोक्यापाशी, बाहेरचा दाब सुमारे १३.७ पास्कलने उतरलेला असतो आणि आतला ११.८ पास्कलने. राहिलेला दोन पास्कलांचा फरक फुग्याचे टाळू आतून वर ढकलतो. दोन पास्कल म्हणजे चौरस मीटरला साधारण २०० ग्रॅम वजनाएवढा दाब, अगदी किरकोळ. तरी तो डोळ्यांना दिसतो: फुगलेल्या फुग्याचा वरचा कागद ताठ असतो आणि तोंडाजवळचा फडफडत राहतो. तुमच्या मुलांच्या हे लक्षात आले होते का?

जाता जाता एक सूचना. हवेला वजन असते हे दाखवण्यासाठी काठीच्या दोन टोकांना रबरी फुगे बांधून त्यांतला एक फोडण्याचा प्रयोग सर्रास केला जातो. तो फारसा खरा नाही. फुग्यातल्या हवेचे वजन बाहेरच्या हवेच्या उचलीने जवळजवळ फिटते; काठी कलते ती आतली हवा किंचित दाबलेली असते म्हणून, आणि कधी कधी फाटलेल्या रबराचा तुकडा उडून गेल्यामुळेही. त्यापेक्षा मऊ पडलेला फुटबॉल तोलावा, पंपाने टणक करावा आणि पुन्हा तोलावा. चेंडूचा आकार जवळपास तोच राहतो आणि तीन-चार ग्रॅम वाढलेले स्पष्ट दिसतात.

वर्गाबाहेर (रविवार, दुपारी ४.१०)

आजोबा, आले होते! 'वर ताठ आणि खाली ढिला का' असे एका मुलाने विचारले होते आणि मी 'हवा वर जमते म्हणून' असे काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले होते. उद्या ते दुरुस्त करते.

डिचोलीचा_वाटसरू (रविवार, रात्री ८.५०)

या विषयाचा इतिहासही वर्गात आणावा, कारण ज्यांनी पहिले मोठे फुगे उडवले त्यांचे स्पष्टीकरण साफ चुकलेले होते. फ्रान्समधल्या आनोने गावी कागदाचा कारखाना असलेल्या घराण्यातले जोझेफ आणि एत्येन मोंगोल्फिए हे भाऊ. त्यांनी ४ जून १७८३ रोजी लोकांसमोर फुगा उडवला. त्यांची समजूत अशी होती की फुगा धुराने, म्हणजे जळण्यातून निघणाऱ्या एका खास वायूने वर जातो. म्हणून ते ओला पेंढा आणि लोकर मुद्दाम धुमसत जाळीत. त्याच वर्षी १९ सप्टेंबरला व्हर्सायला सोळाव्या लुईसमोर मेंढी, बदक आणि कोंबडा फुग्याला बांधून वर पाठवले गेले. २१ नोव्हेंबरला पिलात्र द रोझिए आणि मार्की दार्लांद ही दोन माणसे पॅरिसवरून सुमारे २५ मिनिटे उडाली. म्हणजे चुकीच्या उपपत्तीवर माणूस आकाशात गेला!

आपल्या मुलांच्या मनातही धूर असतोच. दिवाळीत, चुलीपाशी, सगळीकडे त्यांनी धूरच वर जाताना पाहिलेला असतो. हॉट एअर गनमधून धूर मुळीच येत नाही आणि तरी फुगा चढतो, या एका गोष्टीने मोंगोल्फिएंची चूक मुलांच्या समोर उलगडते. गन वापरण्याचा सर्वांत मोठा फायदा मला हाच वाटतो.

आणखी एक गोष्ट आपल्या गोव्याच्या जवळची आहे. या भावांच्या ७४ वर्षे आधी, ८ ऑगस्ट १७०९ रोजी, ब्राझीलमध्ये जन्मलेल्या बार्तोलोमेउ द गुझमांव या पाद्रीने लिस्बनमध्ये पाचव्या जुआंव राजासमोर गरम हवेचा लहानसा कागदी फुगा उडवून दाखवला होता. हा कार्यक्रम झाला 'कासा दा इंडिया'च्या दालनात, म्हणजे गोव्याशी आणि एकंदर पूर्वेशी चालणाऱ्या व्यापाराचा कारभार जेथून होत असे त्या कचेरीत. तो आपल्याकडचाही राजा होता. इतिहासाच्या तासिकेत त्याचे नाव येते. फुगा मात्र येत नाही.

फ्रेंच शास्त्रज्ञ जाक शार्ल यांचाही उल्लेख व्हावा. १ डिसेंबर १७८३ रोजी ते हायड्रोजनच्या फुग्यातून स्वतः उडाले. वायूचे आकारमान तापमानाबरोबर वाढते हा नियम आपण शार्ल यांच्या नावाने शिकवतो, पण त्यांनी तो छापला नव्हता; १८०२ मध्ये गे-ल्युसॅक यांनी तो प्रसिद्ध केला आणि श्रेय शार्ल यांना दिले. हेच गे-ल्युसॅक १८०४ मध्ये फुग्यातून ७००० मीटरच्या वर जाऊन हवेचे नमुने घेऊन आले. वायूंचे नियम आणि फुगे यांची नाळ अशी सुरुवातीपासून जोडलेली आहे.

खाडीकाठ (सोमवार, सकाळी ६.४०)

वाऱ्याविषयी लिहितो. तुम्ही ११ वाजता फुगा उडवलात, आणि गोव्यात उडवण्यासाठी यापेक्षा वाईट वेळ शोधून सापडणार नाही. हिवाळ्यात पहाटे जमीन गार झालेली असते, वारा असलाच तर जमिनीकडून समुद्राकडे मंद वाहतो आणि आठ-साडेआठपर्यंत माडाची झावळीही हलत नाही. दहाच्या पुढे जमीन तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्राकडून वारा सुटतो. म्हणजे तुमचा फुगा ज्या कारणाने चढला त्याच कारणाने सुटलेल्या वाऱ्याने तो आडवा केला. मला तर वाटते की खारा वारा आणि मतलई वारा हा धडा फुग्यानंतरच शिकवावा.

पहाटेचा दुसरा फायदा तुमच्याच सूत्रात आहे. बाहेर २२ अंश असतील तर घनता १.१९७ होते. आत तेच ८० अंश धरले तर तुमचा ०.९ घनमीटरचा फुगा १४५ ऐवजी १७७ ग्रॅम उचलेल. नुसते लवकर उठून ३२ ग्रॅम मिळतात.

पणजीला आल्तिनोवरच्या हवामान केंद्रातून उपकरण बांधलेला फुगा आकाशात सोडतात. जगभर या निरीक्षणाच्या वेळा ठरलेल्या आहेत. आपल्या घड्याळाने त्या पहाटे आणि संध्याकाळी साडेपाच. तो फुगा रबरी आणि बंद तोंडाचा असतो व त्यात हायड्रोजन भरलेला असतो. वर जाताना बाहेरचा दाब घटत जातो तसा तो फुगत जातो आणि शेवटी फुटतो. तुमचा फुगा उघड्या तोंडाचा असल्यामुळे तसा फुटणार नाही. तो फक्त गार होऊन खाली येईल. हे दोन फुगे मुलांपुढे शेजारी शेजारी ठेवून तुलना करायला लावावी. पोटापाण्यासाठी मी बरीच वर्षे वारा मोजला आहे, म्हणून एवढे लांबवले.

काजूगर (सोमवार, दुपारी १.१५)

'मोकळा सोडू द्यावा का' याला माझे उत्तर स्पष्ट 'नाही' असे आहे आणि कारणेही देतो. मी पेडण्याचा. आमच्या डोंगरावर काजूची बागायत आहे. जानेवारीपासून तेथे गवत वाळलेले असते आणि झाडाखाली पाचोळ्याचा थर असतो. काही वर्षांपूर्वी कोणाच्या तरी समारंभात सोडलेला पेटता कागदी कंदील आमच्या कुंपणाच्या आत उतरला. वात अजून धुगधुगत होती. माझ्या काकांनी तो पायाने विझवला म्हणून निभावले. घरी कोणी नसते तर त्या वर्षी काजू नव्हते. असा कंदील आपल्या मनाने उडतो आणि कोठे उतरायचे ते वारा ठरवतो. सोडणाऱ्याला ते कधीच दिसत नाही, म्हणून त्याला तो सुंदर वाटतो.

दुसरे असे की गोव्यात आता दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत आणि राज्य केवढे लहान आहे हे आपण जाणतोच. दोऱ्याशिवायची कोणतीही वस्तू हवेत सोडताना याचा विचार झालाच पाहिजे.

शिवाय शिकवण्याच्या दृष्टीने मोकळा फुगा काय देतो? दोन मिनिटे टाळ्या. दोऱ्यावरचा फुगा परत हातात येतो, तोलता येतो, दुरुस्त करता येतो आणि पुन्हा उडवता येतो. माझे शब्द कडक वाटले असतील तर क्षमस्व.

वर्गाबाहेर (सोमवार, रात्री ९.००)

कडक वाटले नाहीत. मला हेच हवे होते. तुमच्या काकांची गोष्ट मी वर्गात सांगितली. वर्गातल्या तिघांच्या घरी काजू आहेत, त्यामुळे पुढचा वाद त्यांनीच मिटवला.

मृगजळ (मंगळवार, सकाळी ९.३०)

एक शंका. गोव्याची हवा दमट असते. पाण्याच्या वाफेचा रेणुभार १८ आणि हवेचा सरासरी २९, म्हणजे दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असली पाहिजे, जरी आपण उकाड्यात 'हवा जड झाली आहे' असे म्हणत असलो तरी. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असताना मी हिशेब केला तर घनमीटरला सुमारे १५ ग्रॅम कमी भरतात. मग तुमच्या १६१ ग्रॅममधून ते १५ वजा करायला नकोत का? म्हणजे मोठ्या फुग्याचीही जेमतेमच अवस्था झाली असती.

गणिती_आजोबा (मंगळवार, सकाळी ११.१०)

दमट हवा हलकी, हे अगदी बरोबर; अनेक सुशिक्षित लोकही याच्या उलट सांगतात. पण वजाबाकी अपुरी झाली. फुग्यात जी हवा भरली ती त्याच व्हरांड्यातली दमट हवा होती. गनने ती फक्त तापवली, वाळवली नाही. बाहेरची घनता सव्वा टक्क्याने कमी धरली तर आतलीही तेवढ्याच टक्क्यांनी कमी धरावी लागते, आणि मग दोहोंतला फरकही तेवढ्याच टक्क्यांनी घटतो. १६१ चा सव्वा टक्का म्हणजे दोन ग्रॅम. १५ नव्हे, दोन.

मृगजळ (मंगळवार, सकाळी ११.४०)

मान्य. आतली हवा कोरडी असल्याचे मी नकळत गृहीत धरले होते.

उन्हाळी_पाऊस (बुधवार, सायंकाळी ७.२०)

गनसुद्धा नको असेल तर सूर्यावर चालणारा फुगा करावा. कचऱ्यासाठी मिळणाऱ्या काळ्या, अगदी पातळ पिशव्यांचे तळ कापून त्या चिकटपट्टीने एकमेकींना जोडायच्या आणि लांब नळा करायचा. एक मीटर व्यास आणि सहा मीटर लांबी केली तर सुमारे ४.७ घनमीटर जागा होते. प्लॅस्टिक १० मायक्रॉन जाडीचे असेल तर सगळ्याचे वजन २०० ग्रॅमच्या आत राहते. बाहेर २५ आणि आत ५० अंश धरा. घनमीटरला ९२ ग्रॅम, म्हणजे एकूण ४३० ग्रॅमच्या वर उचल मिळते. सकाळी मैदानावर थोडे धावून नळा जरा ढिला राहील एवढीच हवा त्यात भरायची, तोंडाला गाठ मारायची आणि उन्हात ठेवायचा. काही मिनिटांत तो आपण होऊन एका टोकाने उठू लागतो. ते दृश्य बघण्यासारखे असते. दोरा मात्र येथेही पक्का हवा, कारण ऊन असेपर्यंत हा खाली येत नाही.

सुरंगी (गुरुवार, दुपारी २.००)

हे माझ्या चौथीच्या मुलांनाही करता येईल! आगही नाही आणि गनही नाही. काही वर्षांपूर्वी चांदरजवळच्या आसोल्ड्याहून पर्यटकांसाठी मोठे फुगे उडवले जात, ते माझ्या काही मुलांनी लांबून पाहिलेले आहेत. त्यात माणसे कशी मावतात आणि ती उचलली कशी जातात, हा त्यांचा जुना प्रश्न आहे.

गणिती_आजोबा (गुरुवार, दुपारी २.४५)

त्याच सूत्राने उत्तर मिळते. माणसे नेणाऱ्या मध्यम फुग्याचे आकारमान २२०० घनमीटरच्या आसपास असते. कापड नायलॉनचे, खाली प्रोपेनची ज्योत आणि आत साधारण १०० अंश. बाहेर २५ अंश असतील तर घनमीटरला २३९ ग्रॅम, म्हणजे एकूण सव्वापाचशे किलो. त्यात कापड, टोपली, गॅसच्या टाक्या आणि तीन-चार माणसे बसतात. तेथेही घनमीटरला पाव किलोच्या आतच मिळतो. फक्त घनमीटर पुष्कळ आहेत.

वर्गाबाहेर (शनिवार, दुपारी १२.१५)

आज सकाळी सात वाजता मैदानावर पुन्हा प्रयोग केला. मुले सव्वासहालाच येऊन थांबली होती, तीही शनिवारी. बाहेर २२ अंश होते आणि वारा शून्य.

पाच लहान गटांनी मिळून नवा १२० सेंटिमीटरचा फुगा केला होता. या वेळी सर्वांनी बोटानेच खळ ओढली. कडेही पातळ केले. वजन १०४ ग्रॅम भरले. गनने तीन मिनिटे हवा दिल्यावर तो सुटायला बघू लागला. मग आतले तापमान मोजण्यासाठी आम्ही दोन गोष्टी केल्या. तारेवर दोन तापमापके बांधून एक टाळूपाशी आणि एक तोंडापाशी धरले. वरचे ८३ अंश आणि खालचे ४८ अंश दाखवत होते. तारा काढून घेतल्यावर तोंडाच्या कड्याला रेतीच्या लहान पुड्या एकेक करून टांगल्या, तो फुगा वरही जाईना आणि खालीही येईना अशा स्थितीला येईपर्यंत. पुड्या उतरवून तोलल्या तेव्हा ३६ ग्रॅम भरल्या.

म्हणजे फुगा १४० ग्रॅम धरून ठेवत होता. ०.९ घनमीटरला १४०, तर एका घनमीटरला १५६. बाहेरची घनता १.१९७, त्यातून ०.१५६ वजा केले की आतली १.०४१. ३५३ ला १.०४१ ने भागले तर ३३९ केल्व्हिन येतात, म्हणजे ६६ अंश. दोन तापमापकांची सरासरी साडेपासष्ट! मैदानावर खडूने फरशीवर हे गणित झाले तेव्हा शेवटच्या आकड्याला मुलांनी जो गलका केला, तसा फुगा उठला तेव्हाही केला नव्हता. मी धरलेले ८० अंश चुकलेले होते, हेही त्यांनी मला आवर्जून सांगितले.

गणिती_आजोबा (शनिवार, दुपारी १.०५)

मनापासून अभिनंदन. परंतु एवढे तंतोतंत जुळण्यात थोडा योगायोग आहे हे मुलांना सांगावे. दोनच जागांची सरासरी ही सगळ्या फुग्याची सरासरी नसते. रुंद भाग मध्यावर असल्यामुळे तेथल्या तापमानाला अधिक वजन द्यायला हवे. शिवाय आकारमान ०.९ धरले आहे तेही गोल मानून. पुढच्या वेळी तिसरे तापमापक मध्यावर धरावे.

वर्गाबाहेर (शनिवार, दुपारी १.३०)

सांगते. तिसरे तापमापक आमच्याकडे नाही, तोपर्यंत एकच जागा बदलत फिरवू.

सुरंगी (शनिवार, दुपारी ४.२०)

ताई, फक्त खळीचे प्रमाण तेवढे लिहाल का? माझी नेहमी गोळे होऊन बसते.

वर्गाबाहेर (शनिवार, सायंकाळी ६.००)

आकाशकंदीलवाल्या मुलाला विचारून लिहिते आहे. दोन चमचे मैदा आधी थोड्या थंड पाण्यात कालवावा, एकही गोळी राहू देऊ नये. मग त्यात वाटीभर पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळावे आणि पारदर्शक दिसू लागताच उतरवावे. गार झाल्यावर ताकाहून किंचित दाट असावी. घरी कंदिलाच्या खळीत किडे लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद घालतात, पण ते विषारी असल्यामुळे आपण घालू नये. फुगा दिवाळीपर्यंत टिकवायचा नाही.

सुरंगी (शनिवार, सायंकाळी ६.१०)

थंड पाण्यात आधी कालवत नव्हते, तेथेच चुकत होते. सोमवारी करून बघते.